कोणाच्या हातानं भरले

नांदेड
९ जुलै २०२५

अक्का,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडून टाकू नका. आधी वाचून घ्या, मग चुलीत घाला. तुमच्या भाचीला, शिल्पालाच वाचायला सांगा, आन् गल्लीतल्या बाया येऊन बसल्या असतील तर त्या उठून गेल्यावर वाच म्हणावं.

मी उज्वला. सुदर्शन मंडपवाल्याची. तुमच्या भिंतीला भिंत लावून राहत होते ती.

साडेतीन वर्षं व्हायली. तुम्ही कशा आहात हे विचारायला मला तोंड न्हाई, तरी विचारते. गुडघे कसे आहेत? मोंढ्यात धान्य चाळायला जाता का अजून? आम्ही नांदेडला आहोत. हा पत्ता मी आजवर कोणाला दिला न्हाई, माझ्या आईला बी न्हाई. तुमचा नंबर मला पाठ आहे. दोनदा लावायला घेतला. पण तिकडून तुमचं 'कोण?' आलं असतं तर माझा आवाजच निघाला नसता, म्हणून लिहायली.

आम्ही घर घ्यायलोत. वाचून राग येईल, येऊ द्या. हडकोत दोन खोल्या आहेत, स्वतःचा नळ आहे, मागं चूल मांडता येईल एवढी जागा आहे. ग्यानोबाकाका म्हणून एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर आहेत, त्यांचं घर. इथं आल्यापासून आम्ही पाच खोल्या बदलल्या. का बदलल्या ते तुम्हाला सांगायला नको. गल्लीत कोणी नवीन माणूस आला आन् 'मंडपवाले कुठं राहतात' असं विचारलं की आमचं सामान बांधायला सुरुवात. दारात मोटारसायकल थांबली की हे अजून मोरीत जाऊन उभे राहतात. तनुजा आता अकरावीला आहे. आधी आधी ती हसायची, लपाछपी म्हणायची. आता बापाला मोरीत बघून ती पुस्तकात तोंड घालते.

मी ज्वारीच्या भाकरी करून विकते, अक्का. रोजच्या दीडशे, लग्नसराईत तीनशे बी जातात. खानावळीवाले घेऊन जातात. पण आताची घरमालकीण म्हणती, धुरानं भिंती काळ्या केल्या, दसऱ्याला खोली खाली करा. भाकरीची चूल कोणी भाड्याच्या खोलीत मांडू देईना. म्हणून धाडस करून ग्यानोबाकाकांना लाखभर इसार दिला. त्यांनी पोळ्यापर्यंत मुदत दिली. पोळ्याच्या आत कर्ज मंजूर झालं न्हाई तर घर दुसऱ्याला जाणार आन् इसारातले निम्मे बुडणार. इसारपावतीवर तसं लिहिलंय, मी सही केली.

आता कर्ज कोण देणार आम्हाला? बँकांनी तर खुर्चीवर बसू दिलं न्हाई. शेवटी घरासाठी कर्ज देणारी एक कंपनी सापडली. तिथं आनंदराज सर म्हणून साहेब आहेत. त्यांनी पॅनकार्डचा नंबर टाकला आन् कॉम्प्युटरवर माझा सगळा जन्म निघाला. कोणाचे घेतले, कोणाचे थकवले, कोणत्या महिन्यात फोन बंद केला, सगळं. मी हात पदरात लपवून बसले.

पहिल्यांदा यांच्या साउंडचं कर्ज निघालं. लॉकडाऊनमध्ये लग्नं बंद झाली, तेव्हाचं. ते मी मागं गंठण मोडून मिटवलं. त्या कर्जाची कंपनी निम्म्यावर तयार झाली होती आन् मिटल्याचं पत्र दिलं होतं. साहेब म्हणाले, "हे सेटल्ड दाखवतंय." मी म्हटलं, "हो सर, आता सेटल आहोत आम्ही. भाकरीचं बरं चाललंय, पोरगी बी अकरावीला आहे."

ते माझ्याकडं बघतच राहिले. मग हळूच समजावून सांगितलं. आपल्याकडं पोरगं सेटल झालं की पेढे वाटतात, आन् यांच्याकडं सेटल म्हणजे पूर्ण न भरता सुटलेला माणूस. सात वर्षं ते नावाला चिकटून राहतं म्हणे. अक्का, ते पत्र मी लॅमिनेशन करून देवाजवळ ठेवलंय. दोन वर्षं झाली, रोज त्याच्यापुढं दिवा लावते मी!

मग त्यांनी बोट खाली नेलं. आपल्या पाच जणींच्या गटाचं कर्ज. मी डोळेच मिटले. आता उठ म्हणतील, पोलिसाला बोलावतील, असलंच काहीतरी डोक्यात आलं.

"हे मात्र एक नंबर," साहेब म्हणाले. "शेवटच्या हप्त्यापर्यंत भरलंय. एक खाडा नाही. याच्यावरच तुमची फाईल उभी राहील."

मी डोळे उघडले. तारीख दाखवली त्यांनी, एप्रिल २०२३. आम्ही उदगीर सोडलं फेब्रुवारी २०२२ ला. चौदा महिने. ते कोणी भरले हे मला कॉम्प्युटरनं सांगायची गरज नव्हती.

साहेबांनी विचारलं, "तुम्हीच भरले ना?"

मी हो म्हणाले.

एवढंच कळवायचं होतं. उत्तर न्हाई दिलं तरी चालंल.

उज्वला


नांदेड
२० जुलै २०२५

अक्का,

पत्र पोचलं का न्हाई कळेना. 'एवढंच कळवायचं होतं' असं मी लिहिलं ते खोटं होतं. लिहिताना बी माहीत होतं मला.

कंपनीच्या फॉर्मवर जुन्या पत्त्यावरच्या ओळखीच्या दोन माणसांची नावं मागितली होती. एक यांनी मावसभावाचं दिलं. दुसरं मी तुमचं दिलं. कमलम्मा, गटप्रमुख, उदगीर, आन् पुढं तुमचा नंबर. साहेब खूश झाले, गटप्रमुखाचं नाव असलं की वजन पडतं म्हणाले. दुसरं कोणाचं देणार होते मी? उदगीरात माझं नाव ऐकून थुंकणार न्हाई असं एक बी माणूस मला आठवलं न्हाई. तुम्ही बी थुंकत असाल. तरी हात तुमच्याच नावावर गेला.

परवा साहेब घरी येऊन गेले. आमच्याकडं पगाराची चिठ्ठी न्हाई ना, म्हणून ते धंदा डोळ्यानं बघतात. सकाळी सातला येऊन स्टुलावर बसले, मांडीवर वही, आन् माझ्या भाकरी मोजायला लागले. तुम्हाला माहीत आहे, माझी भाकर कधी फाटत न्हाई. त्या दिवशी पहिल्या चार फाटल्या. तनुजा म्हणाली, "आई, तू हो बाजूला, मी थापते." तिच्या हाताकडं बघून मला रडूच आलं, साहेबांना वाटलं धूर लागला. साडेनऊपर्यंत त्यांनी एकशे बारा मोजल्या. जाताना एक भाकर मागून घेतली, मिरचीचा ठेचा लावून उभ्याउभ्या खाल्ली. बरा माणूस आहे. बऱ्या माणसाशी खोटं बोलायचं म्हणजे जास्तच भ्या वाटतं.

उंबऱ्यात थांबून ते म्हणाले, "आता फक्त तुमच्या गटप्रमुखांना एक फोन करतो, की झालं. फाईल लातूरच्या ऑफिसला जाईल."

त्या दिवसापासून मला अन्न गोड लागंना. फोन वाजला की मी हातातलं काम टाकून उठते. दुसऱ्याचा वाजला तरी उठते. काल भाजीवाल्याच्या खिशातला वाजला तर माझ्या हातातली पिशवी पडली. हे म्हणतात, "तू हो म्हणालीस ना? आता हो वरच राहायचं. मागं फिरलीस तर घर बी गेलं आन् इज्जत बी गेली." यांना कोण सांगणार, इज्जत आपण उदगीरातच टाकून आलोत.

अक्का, पाया पडते. फोन आला तर फक्त 'हो, तीच भरायची' एवढं म्हणा. पाच शब्द बी न्हाईत. मग फोन ठेवून मला पाहिजे तेवढ्या शिव्या द्या. तुमचे पैसे मी देणार आहे. घर झालं की महिन्याच्या महिन्याला देईन. पोरीची शपथ.

उज्वला


नांदेड
३१ जुलै २०२५

अक्का,

साहेबांनी चारदा फोन लावला. दोनदा बंद लागला, दोनदा तुम्ही उचलून ठेवून दिला. ते म्हणाले, "हरकत नाही, उदगीरला आमचा माणूस आहे, तो समक्ष भेटून येईल."

समक्ष! म्हणजे तो तुमच्या अंगणात येणार, तुम्ही बसता त्या बाजेवर बसणार आन् तुमच्या तोंडाकडं बघून विचारणार. फोनवर तुम्ही कदाचित माझ्यासाठी खोटं बोलला असता. पण तुमचं तोंड मला माहीत आहे. तुम्हाला खोटं बोलताना मी दहा वर्षांत पाहिलं न्हाई.

पोळ्याला बावीस दिवस राहिले. ग्यानोबाकाका काल स्वतः येऊन गेले. दुसरं एक गिराईक रोख द्यायला तयार आहे म्हणाले. तसा माणूस वाईट न्हाई, पण त्यांना बी लेकीचं बाळंतपण करायचंय. चहा न घेताच गेले.

मला झोप येत न्हाई असं न्हाई, येते. पण भर दुपारी बी दचकून उठते. डोळ्यापुढं तुमचं अंगण येतं. म्हणून आज जे दोन्ही पत्रांत लिहिलं न्हाई ते लिहून टाकते. तो माणूस तुमच्याकडं यायच्या आधी तुम्हाला माझ्याकडून कळू द्या. तुम्हाला माहीत आहेच म्हणा. पण मी कबूल केलेलं तुम्ही कधी ऐकलं न्हाई.

आपण पाच जणी दर मंगळवारी बाराला तुमच्या अंगणात ओळीनं बसायचो. एकीचा हप्ता कमी पडला तर बाकीच्या चौघींनी भरायचा, आन् भरल्याशिवाय कोणी उठायचं न्हाई, अशीच रीत होती. मला लिहितावाचता येतं म्हणून तुम्ही सगळ्यांची हप्त्याची पुस्तकं माझ्याकडं दिली होती. पैसे बी सोमवारीच माझ्याकडं जमा व्हायचे.

त्या मंगळवारी तुम्ही चौघी अंगणात बसून माझी वाट बघत होता, आन् मी पलीकडच्या रस्त्यावर टेम्पोत भांडी चढवायली होते. भिंतीवरून मला तुमचा आवाज आला. "उज्वले, आवर की गं, हप्त्याचे साहेब आलेत." मी "आलेच अक्का" म्हणून ओरडले. आन् टेम्पोत बसले.

टेम्पोचं भाडं चौघींच्या हप्त्यातून दिलं.

यांना सुद्धा हे कंधारच्या पुढं गेल्यावर सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, पण टेम्पो मागं फिरव असं काही ते म्हणाले न्हाईत. मी बी म्हणाले न्हाई. आम्हाला वसुलीवाल्यांनी तेव्हा किती बेजार केलं होतं ते तुम्ही बघितलंय. यांना भर चौकात कॉलरला धरलं होतं. पण ते सांगून काय उपयोग? चौकात कॉलर धरणारे ते वेगळे, आन् तुम्ही वेगळ्या. ज्यांनी त्रास दिला त्यांचे आम्ही निम्मे तरी भरले, आन् तुम्ही वाटी वाटी साखर दिली ते तुमचेच घेऊन पळालो.

आता सांगितलं. आता त्या माणसाला काय सांगायचं ते तुमच्या मनावर आहे. न्हाई, असं लिहून मी पुन्हा चांगली बनायली. माझ्या मनात अजून तेच आहे. तुम्ही हो म्हणावं. मला घर पाहिजे, अक्का. लई पाहिजे. पोरगी वहीवर पत्ता पेन्सिलीनं लिहिते, पुन्हा खोडावा लागंल म्हणून.

उज्वला


उदगीर
८ ऑगस्ट २०२५

उज्वला,

हे शिल्पा लिहायली. मी सांगायली तसं लिही म्हणून तिला बजावलंय. ती मधीच 'असं नको लिहू आत्या' म्हणायली, मी ऐकत न्हाई.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचून चुलीत घातलं. दुसरं बी घातलं. तिसरं ठेवलं.

आमचं काय झालं ते तू विचारलं न्हाईस. गुडघ्याचं विचारलंस. गुडघे हायत तसेच हायत. आता ऐक.

त्या मंगळवारी आमी चौघी उन्हात तीन घंटे बसलो. साहेब उठू देईना. केवळाबाईचं लेकरू घरी तापानं फणफणलेलं, ती रडायली. शेवटी मोंढ्यातल्या शरणप्पा अडत्याकडून मी उचल आणली, तवा सुटलो. पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढच्या बी.

मग तीन आठवड्यांनी गावाबाहेरच्या तळ्यात एक बाई सापडली. तुझ्या घराला कुलूप, वसुलीवाल्यांनी तुमाला छळलेलं सगळ्या गल्लीला माहीत. लोक म्हणाले उज्वलानंच जीव दिला. पोलिसांनी गटातल्या बायांना दवाखान्यात बोलावलं. हप्त्याचा साहेब बी पाठीमागून आला. त्यानं आमाला बाजूला घेऊन सांगितलं, कर्जवाली मेली आसंल तर कर्ज विम्यातून फिटतं, तुमच्या मागचं लचांड सुटंल. तुमच्यातली कुणी एक जा आन् वळख पटवा. केवळाबाईनं माझा हात दाबला. "अक्का, हो म्हण. ती न्हाई तर न्हाई, पर आपण तर सुटू."

मी आत गेले. चादर बाजूला सारली. यव्वा, काय सांगू. तोंड सुजून गेलेलं. उंची तुझ्याच एवढी, रंग तुझाच. कुणाचं बी नाव लावलं आस्तं तर लागलं आस्तं. पहिल्यांदा मला बी तूच वाटलीस. मग मी लई येळ बघितलं. कपाळ बघितलं, कान बघितले, हनुवटी बघितली. तू न्हवतीस.

खोटं कशाला बोलू, मला बी हो म्हणावं वाटलं. तू आमचे पैसे घेऊन पळालेली. मला तुझा लई राग होता. पर जित्या बाईला मेली म्हणून सांगायचं, मग ती कधी गावात आली तर कोण म्हणून येणार? तिच्या पोरीनं शाळेत आईचं काय सांगायचं? आन् ती जी पडली होती तिच्या माणसांनी तिला कुठं हुडकायचं? मी पोलिसाला सांगितलं, ही उज्वला न्हाई.

भाईर आले तर तिघी माझ्याकडं बघंनात. केवळाबाई म्हणाली, "तू न्हाई म्हणालीस ना? आता तूच भर." म्हणून मी भरले. शरणप्पाची उचल वाढत गेली, ती अजून फेडायली. कागद तुझ्या नावाचा, म्हणून पावत्या तुझ्या नावानं फाटल्या. तुझ्या घरासाठी न्हाई भरले मी, आन् तुझ्यासाठी बी न्हाई. मी न्हाई म्हणले होते, त्याच्यासाठी भरले. केवळाबाई आज बी रस्त्यात तोंड फिरवून जाती.

परवा तुझ्या कंपनीचा माणूस आला. चांगला बोलला. म्हणाला, उज्वलाबाईंनी सगळे हप्ते भरले का? मी म्हणलं, तिच्या नावानं भरले, पावत्या हायत, बघा. तो हुशार. म्हणाला, "आजी, पण कोणाच्या हातानं भरले?" मी म्हणलं, ते तिला इचारा.

तुझ्यापायी मी एकदा न्हाई म्हणले, ते चौदा महिने भरत बसले. आता मला हो म्हणायला लावू नको. ताकद न्हाई राहिली.

शिल्पा इचारायली शेवटी काय लिहू. मी म्हणलं काही लिहू नको.


नांदेड
२५ ऑगस्ट २०२५

अक्का,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी भाकरी करायली होते. तव्यावरची तशीच जळली. तनुजानं विचारलं, "कोणाचं गं?" तिनंच हातातून घेऊन वाचलं. वाचल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली आन् माझा दंड घट्ट धरून ठेवला, लहानपणी जत्रेत धरायची तसा.

हे वॉचमनच्या रात्रपाळीवरून आले, त्यांनी बी वाचलं. मग म्हणाले, "अक्कानं काही सांगितलं न्हाई ना त्या माणसाला? मग झालं तर. पावत्या आपल्या नावाच्या आहेत. तू बी गप बस. पोळ्याला सहा दिवस राहिलेत."

मी गप बसले. खरं सांगते, दोन दिवस गप बसले. तुमचं पत्र तांदळाच्या डब्यात ठेवून दिलं. मनाला म्हणत होते, घर झालं की सगळं फेडू, घर झालं की उदगीरला जाऊ, घर झालं की पाया पडू. पण चुलीपुढं बसलं की मला ती चादर दिसायची. चादरीखाली मीच असायचे, आन् तुम्ही माझ्याकडं बघत उभ्या. दोन दिवस मी पिठात हात घालून तशीच बसून राहायचे. मग सोमवारी उठले आन् साहेबांच्या ऑफिसला गेले.

अक्का, एवढी मी कधीच भ्याले न्हाई. उदगीरहून पळताना बी न्हाई. पळताना पाय तरी चालतात. तिथं जिना चढताना दोनदा बसले मी. वर गेल्यावर साहेब हसून म्हणाले, "या बाई, तुमच्याच फाईलवर आहे. उद्या लातूरला पाठवतो." टेबलावर माझा फोटो लावलेली फाईल उघडी होती. मी म्हटलं, "सर, गटाचे हप्ते मी भरले न्हाईत. मी चौदा महिने तिथं नव्हतेच. कमलम्मांनी त्यांच्या हातानं भरले. आन् जाताना मी चौघींचे पैसे बी घेऊन गेले होते."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही गप बसला असता तर झालं असतं. कागद तुमच्या बाजूनं होता. आजी काही बोलल्या नव्हत्या. आता तुम्ही सांगितलं, आता मला ते लिहावं लागणार." मी म्हटलं, लिहा. त्यांनी वहीतलं 'हो' खोडलं आन् शेजारी लिहिलं. काय लिहिलं ते मी वाचलं न्हाई. त्यांनीच पाणी दिलं.

गुरुवारी लातूरहून उत्तर आलं. आता होणार न्हाई, सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करा, तेव्हा बघू. शुक्रवारी पोळा होता. गल्लीत पोरं मातीचे बैल घेऊन दारोदार फिरायली होती, आन् ग्यानोबाकाका इसारपावती घेऊन आले. त्यांनी निम्मे पैसे मोजून दिले, निम्मे ठेवून घेतले. "माझा इलाज न्हाई बाई," म्हणाले. त्यांच्यावर माझा राग न्हाई. पण ते गेल्यावर मी दार लावून मोठ्यानं रडले. त्या घराच्या नळाला मी एकदा हात लावून पाणी प्याले होते, तेच डोक्यात यायलं. आपलंच झालं म्हणून प्याले होते.

हे तीन दिवस माझ्याशी बोलले न्हाईत. काल जेवताना एकदम म्हणाले, "दसऱ्याला कुठं जायचं?" मी म्हटलं, माहीत न्हाई. तनुजा म्हणाली, "कुठं बी जाऊ, पण लपून न्हाई." यांनी ताटातली भाकर मोडली आन् मान हलवली.

अक्का, तळ्यातल्या त्या बाईला न्यायला कोणी आलं का शेवटी? तुम्ही लिहिलं न्हाई. मला रोज वाटतं, विचारावं.

इसारातले जे निम्मे आले त्यात तुमचे चौदा महिने बसतात आन् त्या मंगळवारचे चौघींचे बी बसतात. हे म्हणाले, मग नवीन खोलीच्या डिपॉझिटला काय देशील? मी म्हटलं, बघू. पैसे कपड्यात बांधून ठेवलेत. येत्या शनिवारी सकाळच्या कंधारच्या गाडीनं मी उदगीरला येते. एकटीच येते. यांना बी यायचं होतं, पण स्टँडवर उतरायची हिंमत न्हाई म्हणाले. मला तरी कुठं आहे? अक्षर बघा कसं झालंय. केवळाबाई तोंडावर थुंकली तरी मी पुसणार न्हाई. आधी तिचे पैसे तिच्या हातात देईन, मग तुमच्या दारात येईन.

तुम्ही माझ्याशी बोलू नका. पाणी देऊ नका. माफ केलं असं तर अजिबात म्हणू नका, मला ते सहन व्हायचं न्हाई. फक्त दार लावून घेऊ नका. मी अंगणात उभी राहीन. एकदा जवळ येऊन माझं तोंड बघा, अक्का. त्या दिवशी चादर सारून लई वेळ बघितलं तसं बघा. कपाळ बघा, कान बघा, हनुवटी बघा. आन् गल्लीतल्या बायांना सांगा, हीच उज्वला आहे म्हणून.

उज्वला